वाचकांचे प्रश्न : आपत्ती वाढल्या, बळीही वाढले का?

प्रश्न : २६ जुलै २००५ रोजी मी कुर्ल्याहून मुलुंडपर्यंत रुळांतून चालत घरी आलो. तेव्हापासून दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या आपत्तीची बातमी असते. देशात नैसर्गिक आपत्तींत माणसे पूर्वीपेक्षा जास्त मरतात का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३, हे आपल्याला आठवत असेलच. अशा घटना वाढल्या, ही आपली शंका खरी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या.

बळींचे मात्र तसे नाही. देशाचा वर्षवार एकूण आकडा पाहिला, तर १९९३ (किल्लारी), २००१ (भूज) आणि २००४ (त्सुनामी) ही वर्षे सुळक्यांसारखी वर येतात. त्यावरून जमीन कधी हादरली एवढेच कळते, कल कळत नाही. म्हणून प्रत्येक आपत्ती वेगळी पाहावी. १९७७ मध्ये आंध्रच्या आणि १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळांनी प्रत्येकी सुमारे दहा हजार माणसे नेली. २०१३ च्या ‘फायलिन’ने, तेही अतितीव्र वादळ असून, पन्नासाहूनही कमी. वादळ सौम्य झाले नव्हते. त्याचा माग आधी लागला आणि ओडिशा-आंध्रातील सुमारे दहा लाख लोकांना वेळेत हलवले गेले. घरे, बागा, नावा मात्र हलवता आल्या नाहीत, हेही खरे.

विजेचे उलट आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात नैसर्गिक कारणांनी झालेल्या ८,०६० मृत्यूंपैकी २,८८७ वीज पडून झालेले आहेत, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक. (आपण मुंबईकर वीज म्हटले की बिलाचा विचार करतो.) हे मृत्यू शेतात, झाडाखाली, एकेका-दोघांचे होतात आणि स्थानिक पानाच्या कोपऱ्यात संपतात, त्यामुळे आपल्याला आठवतात ते पूर आणि वादळेच.