युगांडाने घालवलेले, लेस्टरने मिळवलेले

प्रश्न : परदेशातून आलेले लोक यजमान देशावर भार ठरतात, असे काहीजण म्हणतात, ते देशाच्या संपत्तीत भर घालतात, असे दुसरे तितक्याच ठामपणे सांगतात. हे पडताळून पाहता येईल असे एखादे प्रत्यक्ष उदाहरण आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : याचा निवाडा एरवी कठीण असतो, कारण ही माणसे आलीच नसती तर त्या देशाचे काय झाले असते, हे कोणालाच पाहता येत नाही. युगांडाच्या बाबतीत मात्र ही माणसे निघून गेल्यावर काय झाले, ते पाहता येते. ४ ऑगस्ट १९७२ रोजी तेथील लष्करी हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई वंशाच्या, म्हणजे मुख्यतः भारतीय उपखंडातून आलेल्या, लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम जाहीर केला. पन्नास हजारांहून अधिक माणसे बाहेर पडली. त्यांपैकी सुमारे २८ हजार ब्रिटनमध्ये गेली, काही हजार कॅनडाने घेतली, काही भारतात परतली.

ही माणसे तेथे काय करीत होती, हे आधी समजून घेतले पाहिजे. खेड्यातला आशियाई दुकानदार शेतकऱ्याकडून कापूस आणि कॉफी विकत घेई आणि त्यालाच कापड, मीठ, रॉकेल विकत असे. त्याला माल उधारीवर देणारा घाऊक व्यापारी राजधानी कंपालात किंवा जिंजा शहरात बसलेला असे, आणि त्या व्यापाऱ्याची पत केनियातील मोंबासा बंदरापर्यंत चालत असे. नानजी कालिदास मेहता यांनी लुगाझीला आणि मुळजीभाई माधवानी यांनी काकिरा येथे उभारलेले साखर कारखाने हा या व्यवस्थेचा सर्वांत ठळक भाग होता. सरकारी कचेऱ्यांतून हिशेब आणि दप्तर सांभाळणाऱ्यांत गोमंतकीय कारकुनांची संख्या मोठी होती, आणि शाळा-दवाखान्यांतून आशियाई शिक्षक व डॉक्टर होते.

अमीनने या हकालपट्टीला ‘आर्थिक युद्ध’ म्हटले. पाच हजारांहून अधिक दुकाने, कारखाने, मळे आणि इतर व्यवसाय ताब्यात घेऊन वाटण्यात आले, आणि त्यांतले पुष्कळ लष्करी अधिकारी व त्यांच्या मर्जीतल्या लोकांच्या हाती गेले. दुकानातला माल विकून संपला. नवा माल कोणाकडून आणि कोणत्या पतीवर मागवायचा, हे माहीत असलेली माणसे मात्र निघून गेली होती. साखर पिकवणाऱ्या त्या देशात पुढील काही वर्षांत साखर कारखाने जवळजवळ ठप्प झाले आणि साखर दुर्मीळ झाली. माझ्या मते या प्रकरणातून शिकण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे : स्थलांतरितांचे योगदान त्यांच्या तिजोरीपेक्षा त्यांच्या पतीत, ओळखीपाळखीत आणि धंद्याच्या माहितीत अधिक असते, आणि ते जप्त करता येत नाही.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. ब्रिटिश राजवटीत कापसातून सरकी काढण्याचे कारखाने आणि घाऊक व्यापार यांत आफ्रिकी लोकांना जवळजवळ शिरकावच नव्हता. त्यांचा असंतोष निराधार नव्हता. त्यावर योजलेला उपाय मात्र सर्वांत आधी त्यांच्याच मुळावर आला.

प्रश्न : पण मग ब्रिटनमधल्या स्थानिक कामगारांचे काय? आलेल्यांनी त्यांच्या नोकऱ्या घेतल्या नाहीत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ही भीती त्या वेळीही मोठी होती. लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजारातील हमालांनी निर्वासितांविरुद्ध मोर्चा काढला. इंग्लंडमधील लेस्टर शहराच्या नगरपरिषदेने तर सप्टेंबर १९७२ मध्ये ‘युगांडा आर्गस’ या कंपालाच्या वृत्तपत्रात जाहिरात दिली. शहरातील घरे, शाळा आणि आरोग्यसेवा यांच्यावरचा ताण सांगून, तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका, असा तिचा आशय होता. तरीही हजारो लोक लेस्टरलाच आले, कारण केनिया आणि टांझानियातून आधी आलेले त्यांचे नातेवाईक तेथे होते आणि होजियरी, पादत्राणे व विजेची उपकरणे यांच्या कारखान्यांत काम मिळत होते.

ते काम कसले होते, हे पाहिले की प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते. रात्रपाळी, कमी मजुरी आणि बढतीची आशा नसलेली जागा, अशी कामे या लोकांच्या वाट्याला आली. लेस्टरजवळच्या लफबरो येथील मॅन्सफिल्ड होजियरी मिल्समध्ये ऑक्टोबर १९७२ मध्ये आशियाई कामगारांनी संप केला, कारण विणकाम यंत्रांवरच्या चांगल्या पगाराच्या जागा त्यांना दिल्या जात नव्हत्या. १९७४ साली लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये बोनसवरून आणि वागणुकीतील भेदभावावरून तसाच लढा झाला. या कामगारांविषयी मला विशेष आदर वाटतो. स्थलांतरितांची बाजू मांडताना लोक लगेच कोट्यधीशांची नावे घेतात, पण यंत्रे रात्रभर चालू ठेवणाऱ्या या स्त्री-पुरुषांचा वाटा कोणत्याही कोट्यधीशापेक्षा कमी नव्हता.

शिवाय देशातील कामांची संख्या ठरलेली असते आणि नव्या माणसाला त्यांतलेच एक काम हिसकावून घ्यावे लागते, हा समज चुकीचा आहे. नवा माणूस घर भाड्याने घेतो, धान्य आणि कपडे विकत घेतो, म्हणजे कामाची मागणीही वाढवतो. १९८० साली क्यूबातून सुमारे सव्वा लाख लोक अमेरिकेत आले आणि एकट्या मायामीतील कामगारांची संख्या जवळजवळ ७ टक्क्यांनी वाढली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना १९९० च्या अभ्यासात तेथील कमी कौशल्याच्या कामगारांच्या मजुरीवर वा बेकारीवर त्याचा परिणाम जवळजवळ आढळला नाही. जॉर्ज बोर्हास यांनी पुढे या निष्कर्षाला आव्हान दिले आणि शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या पुरुषांची मजुरी घसरल्याचे मांडले. तो वाद अजून मिटलेला नाही. तेव्हा झळ कोणालाच बसत नाही असे म्हणू नये. ती बसलीच तर कोणत्या गटाला बसते, हे पाहून त्याच गटाला हात द्यावा.

प्रश्न : जेमतेम सामान घेऊन आलेल्या लोकांनी धंदे उभे केले ते कोणत्या भांडवलावर? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : युगांडा सोडताना कुटुंबाला ५०-५५ पौंडच बरोबर नेता येत होते. काहींची थोडी शिल्लक आधीच लंडनच्या बँकेत होती, हे खरे. पण बहुतेकांनी सुरुवात कारखान्यातल्या पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांवर आणि नातेवाइकांकडून घेतलेल्या उसनवारीवर केली. एखादे म्हातारे इंग्रज जोडपे निवृत्त होताना वर्तमानपत्रांचे किंवा वाणसामानाचे दुकान विकायला काढी आणि तेच हे कुटुंब घेई. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचे, पहाटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरवून घ्यायचे आणि शाळेतून आलेल्या मुलांनी गल्ल्यावर बसायचे, असा दिनक्रम असे. त्या काळी संध्याकाळी आणि रविवारी बहुतेक मोठी दुकाने बंद असत. १९९४ पर्यंत रविवारच्या व्यापारावर कायद्याचीच कडक बंधने होती. या वेळी दूध, पाव आणि वर्तमानपत्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागले, ही गिऱ्हाइकांच्या दृष्टीने मोठीच सोय झाली.

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर साड्या, दागिने आणि मिठाईची दुकाने ओळीने उभी राहिली, आणि जेथे ‘येऊ नका’ म्हटले गेले त्याच शहरातला दिवाळी उत्सव आज भारताबाहेरच्या मोठ्या उत्सवांत गणला जातो. मोठ्या उद्योगांपैकी ‘टिल्डा’चे उदाहरण घेता येईल. युगांडातून आलेल्या ठकरार कुटुंबाने आपल्या लोकांना लागणारा बासमती तांदूळ विकता विकता तो सर्वसामान्य ब्रिटिश घरांत पोचवला.

प्रश्न : युगांडाने पुढे या लोकांना परत बोलावले का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बोलावले. जप्त मालमत्ता मूळ मालकांना परत देण्याचा कायदा १९८२ साली झाला, आणि १९८६ मध्ये सत्तेवर आलेल्या योवेरी मुसेवेनी यांच्या राजवटीत त्याची अंमलबजावणी प्रत्यक्षात पुढे गेली. माधवानी कुटुंब १९८५ मध्येच काकिराला परतले होते. मोडकळीस आलेला कारखाना त्यांनी पुन्हा उभा केला आणि आज तो युगांडातील सर्वांत मोठ्या साखर उत्पादकांपैकी एक आहे. बहुसंख्य कुटुंबे मात्र कायमची परतली नाहीत. काहींनी कंपालातली इमारत ताब्यात घेऊन विकून टाकली. त्यांची मुले तोवर लेस्टर, लंडन किंवा टोरांटोत डॉक्टर, औषधविक्रेते आणि हिशेबनीस झाली होती.