सप्टेंबरच्या उन्हात एल्कचं मटण टिकवायचं कसं?

प्रश्न: मी डेन्व्हरला राहतो. सप्टेंबरात मित्रासोबत कोलोरॅडोच्या डोंगरात धनुष्यबाणाने एल्कच्या (म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जायचंय, लायसन्स झालंय. पण दुपारी चांगलंच ऊन असतं आणि गाडी लांब, मटण खराब नाही का होणार?

उत्तर: होऊ शकतं, आणि बाहेरच्या उन्हापेक्षा आतली उष्णता जास्त घात करते. एल्क म्हणजे सव्वादोनशे-तीनशे किलोचं जनावर, कातडी जाड, त्यामुळे आतलं मांस तासन्तास गरम राहतं आणि मागच्या मांडीत हाडाजवळ आधी आंबतं, वरून बघाल तर एकदम फ्रेश. म्हणून फोटोबिटो नंतर, आधी कातडी काढा, चारही पाय वेगळे करा आणि उकाडा असेल तर मांडीला हाडापर्यंत चीर द्या किंवा हाडच काढून टाका, ओझंही कमी होतं. फक्त जनावर नर की मादी हे कळेल असा पुरावा (तो अवयव) मांसाला चिकटलेला ठेवायचा, तिथला नियम आहे.

मग कापडी गेम बॅगेत (शिकारीचं मांस ठेवायची, हवा खेळती राहणारी पिशवी) भरून सावलीत, वारं लागेल असं टांगा. प्लास्टिकची पिशवी मात्र अजिबात नको!! त्यात वाफ कोंडते. रात्री डोंगरात गारठा पडतो त्याचा फायदा होतो, पण दिवसा ते पुरत नाही, तेव्हा गाडीत बर्फाचे कूलर तयार ठेवा, मांस ४ डिग्रीच्या खाली न्यायचंय. वितळलेलं पाणी काढत राहा, मांस त्यात बुडायला नको. आणि हो, क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची (हरणांच्या मेंदूला होणारा जीवघेणा रोग) टेस्ट करून घ्या, पॉझिटिव्ह आलं तर खायचं नाही.