आधी करिअर ठरवायचं की आधी काम करून बघायचं?

वाचकांचे प्रश्न

सेमिस्टर संपत आलं की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो, इंटर्नशिप. कुठे शोधू, मिळत नाही, मिळाली पण पैसे नाहीत, मिळाली पण काम नाही. यावेळी त्यातलेच काही प्रश्न घेतलेत, लांब पत्रं थोडक्यात दिलीत.

प्रश्न: ताई, मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात सगळ्यांचं काही ना काही ठरलंय, माझंच ठरत नाही. ॲप्टिट्यूड टेस्ट दिली, त्यात तीन-चार फील्ड आली आणि कन्फ्युजन अजून वाढलं. इंटर्नशिप शोधावी म्हटलं तर कुठल्या फील्डमध्ये तेच माहीत नाही. आधी नक्की ठरवू का?

उत्तर: नको, थांबू नकोस. तुझ्या प्रश्नात जो क्रम आहे ना, आधी ठरवायचं मग काम शोधायचं, तोच उलटा करायला हवा असं माझं अगदी ठाम मत आहे. करिअर गायडन्स हा विषय ज्यांच्यापासून सुरू झाला असं मानतात त्या फ्रँक पार्सन्स यांचं पुस्तक १९०९ मध्ये आलं, त्यात त्यांनी साधा हिशोब मांडला होता, स्वतःला नीट ओळखा, कामांची नीट माहिती घ्या आणि मग दोन्हीची सांगड घाला. आज काय होतं की पहिली पायरी आपण एका टेस्टवर उरकतो, तिसरीबद्दल रात्ररात्र डोकं खातो आणि मधली, म्हणजे ते काम रोजच्या रोज असतं तरी कसं, ती राहूनच जाते. टेस्ट वाईट नसते गं. बऱ्याच टेस्ट जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने पाडलेल्या माणसांच्या सहा प्रकारांवर बेतलेल्या असतात, कोणाला हाताने काम करायला आवडतं, कोणाला शोध घ्यायला, कोणाला माणसांत राहायला वगैरे, आणि त्यातून आवडीची दिशा कळते. पण दिशाच कळते, तुझा मंगळवार कसा जाईल हे नाही कळत.

आता ऑडिटचंच बघ. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात नवीन माणसाचा दिवस म्हणजे व्हाउचरची थप्पी घेऊन एकेक बिल एंट्रीशी ताडून बघणं, क्लायंटच्या अकाउंटंटकडे तोच कागद पुन्हा पुन्हा मागणं, आणि एक्सेलमध्ये दोन टोटल का जुळत नाहीत हे संध्याकाळपर्यंत शोधत बसणं. काही मुलांना तो फरक सापडला की इतका आनंद होतो की जेवायचं विसरतात, आणि काहींना तिसऱ्या दिवशी नको होतं, आणि तू यातली कोण आहेस हे तुला खुर्चीत बसून विचार करून कळणार नाही, मलाही पत्रावरून कळणार नाही, ते तिथे बसूनच कळतं.

ही कल्पना काही आजची नाही. १९०६ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटी युनिव्हर्सिटीत हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रयोग सुरू केला, एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कारखान्यात, जोडीतला एक वर्गात असला की दुसरा कामावर. त्यालाच पुढे को-ऑप म्हणायला लागले. कॅनडातली वॉटरलू युनिव्हर्सिटी १९५७ मध्ये सुरू झाली तीच हे मॉडेल घेऊन, आणि तिथे आजही को-ऑपची मुलं आलटून पालटून चार महिने शिकतात आणि चार महिने काम करतात. अशा मुलांचा फायदा फक्त सीव्हीचा नसतो, डिग्री संपेपर्यंत त्यांनी चार-पाच जागी बसून बघितलेलं असतं, त्यामुळे काय नको ते त्यांना कळलेलं असतं आणि काय नको ते कळणं हे फार मोठं कळणं आहे.

तुझ्या कॉलेजात अशी सोय नसेल तर छोट्या मापात स्वतः कर. टेस्टमध्ये आलेल्या फील्डपैकी तीन घे. प्रत्येकात तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षंच पुढे असलेली माणसं गाठ, खूप सीनियर नकोत, त्यांना सुरुवातीचे दिवस आठवत नाहीत. त्यांना स्कोप काय आहे, पॅकेज काय मिळतं हे विचारू नकोस, ‘काल सकाळपासून काय काय केलंत’ हे विचार आणि मग शांतपणे ऐकून घे. मग त्यातल्या एका फील्डमध्ये सुट्टीत चार-सहा आठवड्यांचं काहीही काम मिळव. रोज रात्री दोन ओळी लिहायच्या, आज कुठल्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही आणि कुठलं काम ढकलत राहिले. महिन्याने त्या ओळी वाच, टेस्टपेक्षा जास्त सांगतील.

आणि वर्गातल्या सगळ्यांचं ठरलंय हे डोक्यातून काढ. जॉन क्रुम्बोल्ट्झ नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९९९ मध्ये सहकाऱ्यांसोबत मांडलं होतं की करिअरमध्ये योगायोगाचा वाटा मोठा असतो, म्हणून न ठरवलेलं असणं हा दोष मानायचा नाही, उलट योगायोग घडतील अशा जागी जात राहायचं, आणि त्यासाठी कुतूहल, चिकाटी, लवचिकपणा, आशा आणि थोडा धोका पत्करायची तयारी लागते. मला हे पटतं, कारण घरी बसून योगायोग घडत नाहीत.

प्रश्न: इंटर्नशिप ओळखीने मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या घरातून कॉलेजला जाणारा मी पहिलाच, नातेवाइकांत कोणी ऑफिसात नाही. ऑनलाइन शंभर ठिकाणी अर्ज केले, रिप्लाय शून्य. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

उत्तर: तुझा राग समजतो मला आणि तो चुकीचा नाहीये. घरात डॉक्टर-वकील-मॅनेजर असलेल्या मुलांना एका फोनवर जे मिळतं ते तुला मिळत नाही, ही गोष्ट गोड बोलून लपवणार नाही. पण ओळख म्हणजे नातं किंवा घट्ट मैत्री असंच तू धरून चाललायस, तिथे थोडं थांब. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा एक पेपर फार गाजला, त्याने नुकती नोकरी बदललेल्या आणि ती ओळखीतून मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून कळलं त्याला तुम्ही त्या काळात कितीदा भेटत होता. नेहमी भेटत होतो म्हणणारे साधारण १७ टक्केच निघाले, निम्म्याहून जास्त लोक म्हणाले अधूनमधून, आणि २८ टक्क्यांच्या आसपास म्हणाले क्वचितच. कारण सोपं आहे, जवळच्या लोकांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी लांबच्याकडून येते. अशा लांबच्या ओळखी तुझ्याकडेही आहेत आणि वाढवताही येतात. दोन वर्षं पुढे असलेला सीनियर, गेस्ट लेक्चरला आलेली व्यक्ती, लॅब असिस्टंट, एखाद्या वर्कशॉपला शेजारी बसलेला मुलगा, डिपार्टमेंटच्या माजी विद्यार्थ्यांची यादी (ती ऑफिसात मागावी लागते, आपणहून कोणी देत नाही).

शंभर अर्जांचं म्हणशील तर एकच मजकूर शंभर जणांना गेला की वाचणाऱ्याला तो लगेच ओळखू येतो. त्याऐवजी आठवड्याला पाचच मेल पाठव, पण त्या माणसाचं काम बघून. असं काहीतरी:

‘नमस्कार मॅडम, मी स्टॅटिस्टिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या टीमने केलेला पाणी वापराचा सर्व्हे वाचला, त्यात ज्या घरांनी उत्तर दिलं नाही त्यांचं काय केलं हा प्रश्न पडला. मला डेटा साफ करायचं काम येतं, कॉलेजच्या एका प्रोजेक्टची फाइल जोडली आहे. जूनमध्ये सहा आठवडे मोकळा आहे, काही छोटं काम असेल तर करायला आवडेल, नसेल तर पंधरा मिनिटं बोलता आलं तरी चालेल.’

बघ, यात मी मेहनती आहे, मला शिकायची आवड आहे असं एकही वाक्य नाही. काय वाचलं, काय येतं, कधी मोकळा, बस. रिप्लाय नाही आला तर आठवड्याने एकदा आठवण कर, मग सोडून दे, मनाला लावून घेऊ नकोस, लोक खरंच बिझी असतात.

प्रश्न: फ्रेशर पाहिजे म्हणतात आणि खाली एक वर्षाचा अनुभव लिहितात. अनुभव कोणी देतच नाही तर आणायचा कुठून? माझा सीव्ही मार्कांनंतर कोरा आहे.

उत्तर: कोरा नसतो, लिहिता येत नाही एवढंच. तुझ्या पत्रातच पुढे आहे की तू डिपार्टमेंटच्या फेस्टिव्हलला खजिनदार होतास. सीव्हीत तू काय लिहिलंस, ‘फेस्टिव्हल कमिटी मेंबर’. त्या जागी तीन दिवसांच्या कार्यक्रमाचा हिशोब एकट्याने ठेवला, इतक्या व्हेंडरना पैसे दिले, सगळी बिलं जुळवून शेवटच्या दिवसानंतर आठवड्यात हिशोब सादर केला, असं लिही आणि आकडे खरे लिही. अनुभव मागणाऱ्याला खरं तर एवढंच बघायचं असतं की दुसऱ्याचं काम तुझ्यावर सोपवलं होतं का आणि ते तू वेळेत पूर्ण केलंस का.

नवीन अनुभवासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसलेल्या जागाही आहेत. कोडिंग येत असेल तर ओपन सोर्स प्रोजेक्ट, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर, तिथे सुरुवात डॉक्युमेंटेशनमधली चूक दुरुस्त करण्यापासून केली तरी चालते आणि केलेलं काम नावासकट सगळ्यांना दिसतं. अशाच प्रोजेक्टवर काम करायला देणारा गूगल समर ऑफ कोड हा प्रोग्राम २००५ पासून चालू आहे, घरूनच काम, मेंटॉर मिळतो, स्टायपेंड मिळतो, वय १८ पूर्ण पाहिजे आणि २०२२ पासून तर विद्यार्थी असायचीही अट नाही, पण अर्जाच्या आधीच प्रोजेक्टच्या लोकांशी बोलायला लागलेली मुलं पुढे जातात हे लक्षात ठेव. कोडिंग नसेल तर विकिपीडियावर लेख, ओपनस्ट्रीटमॅपवर नकाशे, प्राध्यापकांच्या रिसर्चमध्ये डेटा एंट्री, एखाद्या संस्थेचं न्यूजलेटर. एकच घे पण दोन-तीन महिने टिकव, पाच ठिकाणी आठवडा आठवडा नको.

प्रश्न: एका कंपनीने ‘इंटर्नशिप कन्फर्म’ असा मेल पाठवलाय, रजिस्ट्रेशन फी भरायची आहे, शेवटी सर्टिफिकेट देणार. मैत्रीण म्हणते भर, सीव्हीला चालतं. स्टायपेंड नाही.

उत्तर: भरू नकोस. काम करणाऱ्याने काम देणाऱ्याला पैसे द्यायचे ही इंटर्नशिप नाही, तो विकत घेतलेला कागद आहे, आणि ज्यांनी दहा सीव्ही बघितलेत त्यांना तो कागद ओळखता येतो. इंटरव्ह्यू न घेता कन्फर्म, कामाचं वर्णन नाही, गाइड कोण ते नाही, आजच भरा नाहीतर जागा जाईल, हे सगळं एकत्र दिसलं की मेल डिलीट.

फुकटच्या इंटर्नशिपचं मात्र जरा वेगळं आहे. अमेरिकेच्या लेबर डिपार्टमेंटने नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांसाठी २०१८ मध्ये एक कसोटी स्वीकारली, त्यात मुख्य मुद्दा हा की या व्यवहारात जास्त फायदा कोणाचा होतोय, शिकणाऱ्याचा की कंपनीचा, अभ्यासक्रमाशी काही जोड आहे का, पगारी माणसाचं काम इंटर्नकडून करून घेतलं जातंय का. कायदा प्रत्येक देशात वेगळा, पण हे प्रश्न कुठेही स्वतःला विचारता येतात. तू नसतीस तर त्या खुर्चीवर पगार देऊन माणूस बसवावा लागला असता, असं असेल तर तुला पैसे मिळायलाच हवेत आणि मागताना लाजायचं नाही. आणि ज्यांना महिनाभर बिनपगारी राहणं परवडत नाही त्यांनी स्वतःला कमी समजू नये, पार्टटाइम पगारी काम धरलं तरी करिअर मागे पडत नाही.

प्रश्न: आमची मुलगी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी कस्टमर सपोर्टला फोन घेते. आम्हाला वाटतं हा वेळ फुकट चाललाय, तिच्या विषयाशी याचा संबंध काय? तिला समजवावं का?

उत्तर: समजवण्याआधी तिला विचारा तरी, की सगळ्यात अवघड कॉल कुठला होता. चिडलेल्या माणसाला न चिडता उत्तर देणं, ऐकता ऐकता नोंद करणं, आपल्या हातात नसलेलं काम योग्य माणसाकडे पोचवणं, हे ती शिकतेय आणि हे लॅबमध्येही लागतं, तिथेही सँपल उशिरा येतात, मशीन बंद पडतं आणि दोन टीममध्ये वाद होतात. अभ्यास आणि झोप यावर परिणाम होत असेल तर तास कमी करायला जरूर सांगा. विषयातला अनुभवही हवा, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, तर आठवड्यातला एक अर्धा दिवस डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये मदतीला मागून बघता येईल. एक सोडून दुसरं धरायला मात्र सांगू नका, तिचे स्वतःचे पैसे आहेत ते.

प्रश्न: इंटर्नशिप लागून दोन आठवडे झाले. मॅनेजर बिझी, मी नुसता बसून असतो. सोडू का?

उत्तर: अजून नको. ‘काही काम आहे का सर’ असं विचारत असशील तर उत्तर नंतर बघू हेच येणार, कारण तुला देण्यासारखं काम शोधणं हेच त्यांना एक जास्तीचं काम आहे. त्यापेक्षा दोन दिवस बघ की टीममध्ये कंटाळवाणं आणि पुन्हा पुन्हा करावं लागणारं काय आहे, रोजचा रिपोर्ट, मीटिंगच्या नोट्स, जुन्या फाइल्स लावणं, आणि मग सांग की हे मी करू का, शुक्रवारपर्यंत नमुना दाखवतो. ते नीट केलंस की पुढचं काम आपोआप तुझ्याकडे येतं, बहुतेक वेळा. सोबत दर शुक्रवारी पाच ओळींचा मेल, या आठवड्यात काय केलं, कुठे अडलं, पुढे काय. एवढं करूनही चौथ्या आठवड्यापर्यंत काहीच हललं नाही तर कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसला सांगून दुसरी जागा शोधायला लाग, आणि निघताना त्या टीममधल्या ज्या एक-दोघांशी बोलणं झालं असेल त्यांचा नंबर घेऊन ठेव.