पावसाळ्यातला जनरेटर आणि उपाशी बॅटरी

थंडीच्या देशांत ज्यांची घरं विजेच्या तारांपासून दूर आहेत, त्यांची कसोटी डिसेंबर-जानेवारीत लागते. आपल्याकडे डिसेंबरचं ऊन खणखणीत असतं. पुण्यात २१ डिसेंबरलाही भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो आणि गार हवेत पॅनल उलट थोडी जास्तच वीज देतं. आपली कसोटी आषाढ-श्रावणात. घाटमाथ्यावर ढग एकदा बसले की आठ-आठ दिवस उठत नाहीत, आणि एरवी दिवसाला चार युनिट देणारं एक किलोवॉटचं पॅनल एका युनिटावर, कधी अर्ध्यावर येतं. या वेळची बहुतेक पत्रं याच दिवसांत बॅटरीला हात देणाऱ्या जनरेटरबद्दल आहेत. एक पत्र कॅनडातून आलंय, तेही घेतलंय.

प्रश्न : वेल्ह्याजवळ आमचं शेतघर आहे. १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) चार ट्यूब्युलर बॅटऱ्या, दोन किलोवॉटचं पॅनल आणि अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर. ढगाळ दिवसांत मी संध्याकाळी सात ते बारा जनरेटर लावतो. पाच लिटर पेट्रोल जातं, तरी ‘फुल’चा दिवा लागत नाही. बॅटऱ्या गेल्या का?

बॅटऱ्या बहुधा शाबूत आहेत. जनरेटर चालवायची वेळ चुकतेय, आणि जे काम त्याचं नाही ते तुम्ही त्याच्याकडून करून घेताय.

तुमच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या लेड-अॅसिड जातीच्या. अशी बॅटरी रिकामी असते तेव्हा द्याल तेवढा करंट भराभर पिते. ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेली की मात्र तिचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकतं (१२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १४.४, म्हणजे तुमच्या चौघींना मिळून ५७.६) आणि तिथून पुढे ती घोट घोटच घेते. शेवटच्या वीस टक्क्यांना तीन-चार तास लागतात. चार्जर कितीही मोठा आणा, हा वेळ फारसा कमी होत नाही.

ताम्हिणीच्या बाजूला एका घरी मी क्लॅम्प मीटर (वायरीला चिमटा लावून करंट मोजणारं) घेऊन सकाळभर बसलो होतो. तुमच्यासारख्याच चार बॅटऱ्या होत्या. सकाळी सातला मीटरवर २० अँपिअर. साडेनऊपर्यंत आकडा हलला नाही. मग सव्वादहाला ११, अकराला ६. जनरेटरचा आवाज मात्र सातला जसा होता तसाच अकराला. टाकीत पट्टी बुडवून पाहिलं, तर पहिल्या तासात लिटरभराच्या थोडं वर पेट्रोल गेलं होतं आणि शेवटच्या तासात पाऊण लिटर. काम निम्म्याहून कमी आणि पेट्रोल मात्र जवळजवळ सत्तर टक्के. तुमचे रात्री दहा ते बाराचे दोन तास असेच जळतात.

म्हणून जनरेटर सकाळी लावा. रात्रभर वापरून बॅटरी तेव्हा सर्वांत भुकेलेली असते. पन्नास टक्क्यांवरून ऐंशीला नेऊन तो बंद करा. मग दिवसभर ढगाआडून जो काही मंद उजेड मिळतो, त्यातला तीन-चार अँपिअर करंट उरलेली भरती करायला योग्यच असतो. संध्याकाळी जनरेटर लावलात तर हा उजेड पोटाच्या तळाशी खर्च होतो आणि महाग पेट्रोल वरच्या थेंबांवर. रात्र निघणार नाही इतकी बॅटरी उतरली असेल, तर संध्याकाळी तासभर लावायला हरकत नाही, पण तासभरच.

आता करंट. तुमच्या इन्व्हर्टरचा चार्जर १५ अँपिअरवर असेल, म्हणजे साधारण ८०० वॉट. तुमचा जनरेटर याच्या दुप्पट काम आरामात करू शकतो. १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीला २० अँपिअर चालतात. माहितीपुस्तिकेत कमाल आकडा पाहा आणि इन्व्हर्टरमध्ये सोय असेल तर वाढवा. २० अँपिअरला पन्नासवरून ऐंशीपर्यंत जायला अडीच तास पुरतात. पंप, वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री ही कामंही त्याच अडीच तासांत उरका. जनरेटर चालू आहे तोवर त्याला भरपूर काम द्या, आणि काम संपलं की लगेच थांबवा.

एक पथ्य मात्र सोडू नका. लेड-अॅसिड बॅटरी आठवड्यांमागून आठवडे अर्धपोटी राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि घट्ट होतं. मग ती कायमची कमजोर होते. पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी एकदा, लांबलं तरी, पूर्ण चार्ज करा. त्या दिवशी पेट्रोलचा हिशेब मांडू नका. पूर्ण झालं की नाही हे दिव्याला विचारू नका, हायड्रोमीटरला, म्हणजे बॅटरीतल्या अॅसिड-पाण्याची घनता मोजणाऱ्या नळीला, विचारा. ट्यूब्युलर बॅटरीचं पाणी पूर्ण चार्जला १.२४०च्या आसपास दाखवतं. चार बॅटऱ्यांची मिळून चोवीसही घरं (सेल) तपासा. एखादंच घर मागे राहत असेल तर दुखणं त्या घरात आहे.

प्रश्न : आंबोलीत घर आहे. नवीन जनरेटर आणला, घरातले दिवे-पंखे त्यावर छान चालतात, पण इन्व्हर्टर त्याला ओळखतच नाही. टक-टक आवाज करून पुन्हा बॅटरीवर जातो. दुकानदार म्हणतो इन्व्हर्टर बदला.

आधी इन्व्हर्टरच्या मागची छोटी कळ बघा. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरवर दोन पर्याय असतात. ‘यूपीएस’वर असेल तर तो साधारण १८० ते २६० व्होल्टच्या आतलीच वीज घेतो आणि जराशा चढउताराला बिथरतो. दुसऱ्या, रुंद मर्यादेच्या पर्यायावर साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंत चालवून घेतो. जनरेटर लावताना कळ त्या दुसऱ्या बाजूला हवी. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

नाही मिटली तर फ्रिक्वेन्सी मोजा. छोटा जनरेटर मिनिटाला ३००० फेरे घेतो तेव्हा ५० हर्ट्झ मिळतात. रिकामा असताना तो ५२-५३वर पळतो आणि भार आला की खाली येतो. कारखान्यातून वेग जास्त लावलेला असेल तर इन्व्हर्टर त्याला नाकारतो. गव्हर्नरचा (इंजिनचा वेग राखणाऱ्या भागाचा) स्क्रू मेकॅनिककडून, मीटर लावून, जुळवून घ्या.

तिसरं कारण भाराचं. जुन्या धाटणीचा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर ८०० वॉटचं काम करताना जनरेटरकडून १२०० व्हीएच्या (व्होल्ट गुणिले अँपिअर) आसपास ओढतो. त्यात दिवे-पंखे-फ्रिज आधीच चालू असतील तर चार्जर जोडल्याक्षणी व्होल्टेज कोसळतं, इन्व्हर्टर सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा पकडतो. तुमची टक-टक तीच असावी. जनरेटर पाच मिनिटं रिकामा तापू द्या, मग एकटा चार्जर जोडा, तो स्थिरावला की बाकीचं. इन्व्हर्टर बदलायची घाई करू नका.

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमच्याकडे पाऊस आडवा येतो. जनरेटर भिजू नये म्हणून पडवीत ठेवतो आणि ताडपत्री सोडतो. चालेल ना? बाहेर लांब ठेवला तर वायरमध्ये वीज कमी होईल असं वायरमन म्हणाला.

ताई, चालणार नाही. हे पत्र वाचून आज संध्याकाळीच जनरेटर पडवीतून हलवा.

पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने त्याला धरून ठेवतं, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो आणि शरीर मात्र गुदमरत असतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही.

मुळशी भागातल्या एका घरी मला चार्जर दुरुस्तीला बोलावलं होतं. पडवीत जनरेटर, तीन बाजूंनी निळी ताडपत्री. आजी आत कॉटवर पडून होत्या, सकाळपासून डोकं धरलंय म्हणत होत्या. सून म्हणाली, पाऊस लागला की आईंना असं होतंच. मी जनरेटर बंद केला, त्यांना आधार देऊन अंगणापलीकडच्या गोठ्यात नेऊन बसवलं आणि १०८ला फोन लावायला सांगितला. तासाभरात त्या बोलत्या झाल्या. दवाखान्यात तपासून ऑक्सिजन लावला. पाऊस लागला की जनरेटर लागायचा, म्हणून पाऊस लागला की डोकं दुखायचं. दोन पावसाळे त्या घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जनरेटर घरापासून किमान वीस फूट लांब ठेवा, जास्त जमलं तर उत्तम. कोकणात पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून-पश्चिमेकडून येतो, म्हणून जागा घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला निवडा, म्हणजे धूर घराकडे न येता पलीकडे जातो. सायलेन्सरचं तोंडही घराच्या उलट. चिऱ्याचा फूटभर उंच चौथरा करा, चार खांबांवर मोठ्या पाखीचं पत्र्याचं छप्पर घाला, आणि एक वाऱ्याची बाजू सोडली तर बाकी तिन्ही उघड्या ठेवा. घराच्या जनरेटरकडच्या खिडक्या तो चालू असेपर्यंत बंद. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा.

वायरीची भीती सोडा. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वीस मीटर नेली, तर आठ अँपिअरला अडीच व्होल्टसुद्धा पडत नाहीत. २३० मधले अडीच. वायर मात्र पाण्यापावसात टिकणारी, पाइपातून नेलेली हवी, आणि चौथऱ्याजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच. ओल्या हाताने जनरेटरला शिवू नका.

प्रश्न : आमच्याकडे लाइन आहे, पण पावसात तीन-तीन दिवस जाते. शेजारच्याने दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून दिली आहे, एक टोक जनरेटरला, एक घरातल्या सॉकेटला. असं चालवू का?

नाही. ती वायर कापून टाका. मेन स्विच चुकून चालू राहिला तर तुमचे २३० व्होल्ट खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन ११,००० व्होल्ट होतात, आणि त्या वेळी लाइन बंद समजून वायरमन तारेवर चढलेला असतो. शिवाय एक टोक सुटलं तर उघड्या पिनेत करंट असतो. घरातलं पोर तिथे हात लावेल. चेंजओव्हर स्विच, म्हणजे लाइन आणि जनरेटर यांतलं एका वेळी एकच घराला जोडणारा स्विच, बसवून घ्या. खर्च थोडा आहे.

प्रश्न : आम्ही ओंटारिओत असतो. तळ्याकाठी एक छोटं केबिन आहे, तिथे लाइन नाही. ५१.२ व्होल्टच्या दोन लिथियम बॅटऱ्या आहेत. जानेवारीत उणे वीसमध्ये पोचलो, जनरेटर लावला, तो चालतो, पण बॅटरीत शून्य करंट. दिवे मात्र बॅटरीवर लागतात. हे कसं?

बॅटरी अगदी शहाण्यासारखी वागतेय. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याच्या खाली वीज देऊ शकते, घेऊ शकत नाही. गोठणबिंदूखाली चार्ज केली तर लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या थराने बसतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून आतली संरक्षक यंत्रणा चार्जिंग अडवते. ती चुकवायचा कुठलाही उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका.

बॅटऱ्या थर्माकोलच्या जाड पेटीत, राहत्या खोलीत आणा. जनरेटर लावला की पहिला तास त्याची वीज पेटीतल्या कमी वॉटच्या हीटिंग पॅडला द्या. आतल्या सेलचं तापमान पाच अंशांच्या वर गेलं की चार्जिंग सुरू करा. बाहेरून पेटी गरम लागली म्हणजे सेल गरम झाले असं नाही. बॅटरीच्या ॲपमधला आकडा बघा. लिथियमला शंभर टक्क्यांचा हट्ट नसतो, त्यामुळे ऐंशी-नव्वदला जनरेटर खुशाल बंद करा. सेल एका पातळीत राहावेत म्हणून अधूनमधून पूर्ण भरा, एवढं पुरे.

तुमच्या शेजाऱ्याकडे साध्या लेड-अॅसिड बॅटऱ्या असतील तर त्यांचा धोका वेगळा. पूर्ण चार्ज असलेलं पाणी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीचं उणे दहाच्या आसपास गोठतं आणि डबा फुटतो. हिवाळ्यात केबिन बंद करून जाताना त्या भरूनच जायचं.

आणि पॅनल वाढवणार असाल तर थंडीत त्यांचं ओपन सर्किट (भार नसतानाचं) व्होल्टेज चढतं हे धरा. उणे पंचविसाला ते पॅनलच्या माहितीपत्रकातल्या आकड्यापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत जास्त असू शकतं, आणि तेवढ्याने पॅनल आणि बॅटरी यांच्यामधला चार्ज कंट्रोलर जळू शकतो. जनरेटरभोवती बर्फाचा ढीग साचून धुराचं तोंड बुजणार नाही हे रोज बघा. गॅरेज घराला लागून असेल तर दार उघडं ठेवूनही आत लावू नका.

प्रश्न : मोठा जनरेटर घेऊ की आणखी पॅनल?

पॅनल. छोट्या जनरेटरमध्ये एक लिटर पेट्रोल चांगल्या भारावर दोनेक युनिट देतं. चार्जर आणि बॅटरीतली गळती वजा जाता हाती दीड युनिटाहून कमी येतं. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर धरलं तर एक युनिट सत्तर रुपयांच्या आसपास पडतं. दुप्पट पॅनल लावलं तर ढगाळ दिवसाचं एक युनिट दोनवर जातं, आणि जनरेटरचे निम्मे दिवस कमी होतात. कंट्रोलरची मर्यादा तेवढी तपासा. डिझेल जनरेटरचा विचार पाच केव्हीएच्या पुढेच करा; सतत हलक्या भारावर चालवला तर त्यात काजळी आणि न जळलेलं इंधन साचतं.

प्रश्न : गेल्या सप्टेंबरात झाकून ठेवलेला जनरेटर जूनमध्ये सुरूच झाला नाही.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. दमट घरात नऊ महिने राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये पाणी सोडतं, जेट चिकट थराने बुजतं. कार्ब्युरेटर सोडवून साफ करून घ्या. यंदा हंगाम संपला की टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढा. आणि मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या आधी, ताजं पेट्रोल घालून चार्जरच्या भारावर अर्धा तास चालवून बघा. तेव्हा मेकॅनिक मोकळा असतो आणि घाटातला रस्ताही उघडा असतो.