सार्कचे नेतृत्व नेमके कोणाकडे होते?

आपला प्रश्न दुहेरी आहे. सार्कच्या, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या प्रादेशिक सहकार्य संघटनेच्या, महासचिवांची नावे क्रमाने पाठ करूनही या संघटनेला दिशा कोणी दिली हे कळत नाही, अशी आपली पहिली अडचण आहे. आणि २०१७ साली आपल्या इंदूरला भरलेली दक्षिण आशियाई सभापतींची परिषद सार्कची मानावी का, अशी दुसरी शंका आहे. भंवरकुआँच्या क्लासांतून मिळणाऱ्या टिपणांत महासचिवांची यादी हमखास असते, आणि ती चुकीचीही नसते. राज्यशास्त्र शिकवताना मी मात्र ती यादी नेहमी शेवटी सांगत असे, कारण सार्कचा महासचिव हा या संघटनेचा नेता कधीच नव्हता आणि तो तसा होऊ नये अशीच तिची रचना आहे.

ढाक्याच्या पहिल्या शिखर परिषदेत ८ डिसेंबर १९८५ रोजी जी सनद स्वीकारली गेली, तिच्या दहाव्या कलमात दोन गोष्टी आहेत: सर्व पातळ्यांवरचे निर्णय एकमताने होतील, आणि द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेला घेतले जाणार नाहीत. ही कल्पना १९८० साली मांडणारे बांगलादेशाचे राष्ट्राध्यक्ष झिया-उर-रहमान १९८१ मध्ये मारले गेले, त्यामुळे सार्कचे पहिले अध्यक्षपद बांगलादेशाचे तेव्हाचे सत्ताधीश जनरल इर्शाद यांच्याकडे आले. सचिवालय त्यानंतर वर्षभराने, १६ जानेवारी १९८७ रोजी काठमांडूला सुरू झाले आणि बांगलादेशाचे अबुल एहसान पहिले महासचिव झाले. म्हणजे घर आधी बांधले गेले आणि कारभारी मागाहून नेमला गेला. त्याच्या हाती किल्ल्या मात्र कोणी दिल्या नाहीत. महासचिवाची नेमणूक परराष्ट्रमंत्र्यांची परिषद करते, पद देशांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने फिरते, मुदत आधी दोन आणि पुढे तीन वर्षांची, आणि ती व्यक्ती बहुधा त्या देशाच्या परराष्ट्र सेवेतली असते.

तरीही ही यादी दोन ठिकाणी थांबून वाचण्यासारखी आहे. पहिले ठिकाण २०११ चे. मालदीवच्या फातिमत धियाना सईद या पहिल्या महिला महासचिव झाल्या. त्या राजनैतिक सेवेतल्या नव्हत्या, तर देशाच्या माजी महान्यायवादी होत्या. जानेवारी २०१२ मध्ये मायदेशी एका न्यायाधीशांच्या अटकेवरून त्यांनी सरकारवर जाहीर टीका केली आणि त्यांना पद सोडावे लागले. उरलेली मुदत मालदीवच्याच अहमद सलीम यांनी पूर्ण केली. पद व्यक्तीचे नसून देशाचे असते, याचा याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही. दुसरे ठिकाण २०२३ चे. श्रीलंकेच्या एसाला वीरकून यांच्यानंतर वर्णानुक्रमाने पाळी अफगाणिस्तानची होती, पण तालिबानच्या राजवटीला मान्यता नसल्यामुळे ती ओलांडून पद बांगलादेशाकडे गेले आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये गोलाम सरवार रुजू झाले. क्रम मोडण्याचा हा पहिला प्रसंग नव्हता. पहिल्या फेरीत बांगलादेशानंतर भूतानऐवजी थेट भारताचे कांत किशोर भार्गव १९८९ मध्ये आले होते, आणि भूतानचे चेंक्याब दोर्जी महासचिव झाले ते दुसऱ्या फेरीत, २००५ साली. परीक्षेत ‘वर्णानुक्रम काटेकोर पाळला गेला’ असे विधान आले, तर ते चूक समजावे.

नेतृत्वाचा खरा इतिहास अध्यक्षपदाचा आहे. शिखर परिषद जो देश भरवतो त्याचा राष्ट्रप्रमुख किंवा शासनप्रमुख अध्यक्ष होतो आणि पुढची परिषद भरेपर्यंत अध्यक्षपद त्या देशाकडेच राहते. सनदेप्रमाणे ही भेट वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. प्रत्यक्षात १९८५ ते २०१४ या काळात अठराच परिषदा झाल्या. परिषद लांबली की अध्यक्षपदही लांबते आणि मग ते चालवणारी माणसे मात्र बदलत राहतात. बेनझीर भुट्टो यांनी डिसेंबर १९८८ मध्ये इस्लामाबादची चौथी परिषद भरवली. पुढची परिषद १९८९ मध्ये कोलंबोला व्हायची होती, पण श्रीलंकेत असलेल्या भारतीय शांतिसेनेच्या प्रश्नामुळे ती झालीच नाही, आणि अखेर नोव्हेंबर १९९० मध्ये मालेला परिषद भरली तेव्हा बेनझीर पदच्युत होऊन, काळजीवाहू जतोई येऊन-जाऊन, नवाझ शरीफ पंतप्रधान झाले होते. दोन वर्षांत एकाच देशाच्या अध्यक्षपदावर तीन माणसे!

यानंतर असेच घडत राहिले. बाबरी मशीद पाडली गेल्यावर ढाक्याची परिषद पुढे ढकलली गेली व एप्रिल १९९३ मध्ये झाली. साप्टा या प्राधान्य व्यापार करारावर तेथेच सह्या झाल्या. ऑक्टोबर १९९९ मध्ये पाकिस्तानात लष्कराने सत्ता घेतल्यावर भारताने काठमांडूच्या परिषदेला नकार दिला आणि श्रीलंकेच्या चंद्रिका कुमारतुंगा यांच्याकडे अध्यक्षपद जुलै १९९८ पासून जानेवारी २००२ पर्यंत राहिले. त्याच रखडलेल्या काठमांडू परिषदेत पाकिस्तानचे लष्करशहा मुशर्रफ यांनी भाषण संपवून वाजपेयींपुढे हात केला होता. ग्वाल्हेरच्या या सुपुत्राने दोन वर्षांनी इस्लामाबादच्या परिषदेला जाऊन साफ्टा हा मुक्त व्यापार करार होऊ दिला, आणि तो १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. माझ्या मते सार्कच्या आर्थिक इतिहासात एखाद्या नेत्याने संघटनेला पुढे नेले असे म्हणता येईल असा हा बहुधा एकमेव प्रसंग आहे, आणि गंमत अशी की तेव्हा वाजपेयी अध्यक्ष नव्हते; अध्यक्षपद यजमान पंतप्रधान जमाली यांच्याकडे गेले होते.

सर्वांत लांब खंड अर्थात शेवटचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूच्या अठराव्या परिषदेत नेपाळचे पंतप्रधान सुशील कोइराला अध्यक्ष झाले. एकोणिसावी परिषद नोव्हेंबर २०१६ मध्ये इस्लामाबादला ठरली होती. सप्टेंबरमध्ये उरीचा हल्ला झाला, भारताने नकार दिला, बांगलादेश, भूतान व अफगाणिस्ताननेही माघार घेतली आणि परिषद बारगळली. तेव्हापासून अध्यक्षपद नेपाळकडे अडकले असून कोइराला यांच्यानंतर ओली, प्रचंड, देउबा आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुशीला कार्की असे पंतप्रधान त्या खुर्चीचे आपोआप वारस ठरत गेले. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीवर नेत्यांची दूरदृश्य बैठक झाली, तीही मोदींच्या पुढाकाराने. अध्यक्षपद तेव्हाही नेपाळकडेच होते.

आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेशी तुलना केली तर दोष नेमका कोठे आहे हे दिसते. त्यांच्या सनदेप्रमाणे अध्यक्षपद दर कॅलेंडर वर्षाला बदलते, महासचिवाला मंत्र्याचा दर्जा आणि पाच वर्षांची मुदत असते, आणि एखादा देश अडचणीचा ठरला तर त्याला बाजूला ठेवून गाडी पुढे जाते. म्यानमारने २००६ ची पाळी सोडली तेव्हा फिलिपाइन्सने ती घेतली, आणि २०२६ च्या पाळीबाबतही तेच झाले. तेथे वेळापत्रक एका देशाच्या नकाराने थांबत नाही. सार्कमध्ये मात्र एकाचा नकार पुरतो.

इंदूरच्या परिषदेविषयी सांगायचे तर फेब्रुवारी २०१७ मधला तो कार्यक्रम सार्कचा नव्हता. आंतरसंसदीय संघ ही देशोदेशीच्या संसदांची संघटना आणि आपली लोकसभा यांनी शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांवर ती सभापतींची परिषद भरवली होती, यजमानपद लोकसभेच्या अध्यक्षा आणि इंदूरच्या खासदार सुमित्राताई महाजन यांच्याकडे होते आणि पाकिस्तान आले नव्हते. उरीनंतर जेमतेम पाच महिन्यांनी दक्षिण आशियातले बाकीचे देश सार्कच्या चौकटीबाहेर एकत्र बसू शकले, म्हणून आपल्या टिपणात ती ठेवावी, पण सार्कच्या बैठकांच्या यादीत घालू नये. बिम्सटेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या संघटनेसाठीही वेगळी नोंद करावी. तिचे सचिवालय २०१४ पासून ढाक्यात आहे, सनद २०२२ ला कोलंबोत मंजूर झाली आणि भारताचे इंद्रमणी पांडे २०२४ पासून महासचिव झाले. तेथे पाकिस्तान नाही म्हणून सर्व सुरळीत चालेल असे अनेकजण लिहितात. त्यांनी शिखर परिषदांची वर्षे पाहावीत: २००४, २००८, २०१४, २०१८, २०२२, २०२५. अध्यक्षपद तेथेही परिषदेबरोबरच हलते.