वाचकांचे प्रश्न : डेंटल हायजीनला अ‍ॅडमिशन घ्यायचीय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : ताई, मी भारतात मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलंय, त्याला आता ९ वर्षं झाली. लग्नानंतर अमेरिकेत आले, मुलगी आता शाळेत जायला लागलीय. इथल्या कम्युनिटी कॉलेजात डेंटल हायजीनचा, म्हणजे दात-हिरड्या साफ करणाऱ्या हायजिनिस्टच्या कामाचा, २ वर्षांचा कोर्स आहे. माझी डिग्री बघून डायरेक्ट अ‍ॅडमिशन देतील ना?

उत्तर : डायरेक्ट नाही मिळणार, आणि हे तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं, कारण मला ते एक वर्ष वाया गेल्यावर कळलं. ते २ वर्षं म्हणतात ना, ती हायजीनचा प्रोग्राम सुरू झाल्यापासूनची. त्याच्या आधी प्रीरिक्विझिट म्हणून जे विषय पूर्ण करावे लागतात त्यात साधारण एक वर्ष सहज जातं, नोकरी किंवा घर सांभाळून करत असाल तर जास्तच, म्हणजे हिशोब ३ वर्षांचा धरा.

बहुतेक ठिकाणी हे विषय लागतातच: अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, हे सगळे लॅबसकट, शिवाय इंग्लिश कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी आणि स्पीच म्हणजे भाषणकला. तुमचं मायक्रो झालंय, पण पुष्कळ कॉलेजं सायन्सचे विषय ५ ते ७ वर्षांपेक्षा जुने असले तर धरत नाहीत, तेव्हा ते परत करायची तयारी ठेवा. तरीही जुन्या मार्कशीटचं कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन करून घ्याच, नुसतं 'डिग्री समकक्ष आहे' एवढंच सांगणारं साधं इव्हॅल्युएशन नको, कारण त्यात एकेका विषयाचे क्रेडिट आणि ग्रेड दिसत नाहीत आणि मग सायकॉलॉजी किंवा गणितासारखा सुटू शकणारा विषयही सुटत नाही, म्हणजे परत करावा लागतो.

माझं काय झालं सांगते. केमिस्ट्री मी ऑनलाइन घेतली, लॅबशिवायची, 'चालेल' असं मला काउंटरवर तोंडी सांगितलं होतं. ग्रेड ए आला, फॉर्म भरला आणि छाननीतच बाद झाला, का तर लॅब नाही. तेव्हा जे काही विचाराल ते प्रोग्रामच्या ऑफिसला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. प्रत्येक प्रोग्रामचं एक अ‍ॅप्लिकेशन पॅकेट असतं, ते पहिल्यांदा काढा, त्यातली शेवटची तारीख बघा आणि तिथून उलटं मोजत या, की कुठल्या सेमिस्टरला कुठला विषय. अ‍ॅनाटॉमीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, त्यामुळे एक सेमिस्टर चुकलं की काही वेळा अख्खी बॅच चुकते.

हेपॅटायटिस बी ची लस पण आत्ताच बघा. नेहमीचे ३ डोस ६ महिन्यांत होतात आणि त्यानंतर रक्त तपासून अँटीबॉडी तयार झाल्यात का ते बघतात, पेशंटला हात लावायच्या आधी हे सगळं हवं. टीबीची टेस्ट, सीपीआरचं सर्टिफिकेट, बॅकग्राउंड चेक वगैरे नंतर होतं.

प्रश्न : मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. बायोलॉजी आवडतं. पॅकेटमध्ये लिहिलंय की प्रीरिक्विझिटला कमीत कमी सी ग्रेड पाहिजे. मग सी आला तरी चालेल?

उत्तर : फॉर्म भरायला चालेल गं, पण सीट मिळायला बहुतेक पुरणार नाही. कोडा म्हणजे या कोर्सना मान्यता देणारी संस्था, तिचा नियम आहे की क्लिनिकमध्ये एका शिक्षकामागे ५ पेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, त्यामुळे सीट मुळातच कमी असतात. मग पॉइंट देऊन लिस्ट लावतात आणि त्यात सायन्सच्या जीपीएला, म्हणजे ग्रेडच्या सरासरीला, बरेचदा जास्त वजन. विषय रिपीट केला तर चांगला ग्रेड धरतात की दोन्हींची सरासरी, हे कॉलेजगणिक वेगळं, ते आधी बघ. काही ठिकाणी टीज नावाची एन्ट्रन्स असते. म्हणून सांगते, एका सेमिस्टरला दोन लॅबवाले विषय घेऊन घाई करू नकोस, एकच घे आणि ए आण.

आणि एखाद्या दवाखान्यात हायजिनिस्टच्या बाजूला उभं राहून चार दिवस काम बघ, काही कॉलेजं असे तास मागतात, पण नाही मागितले तरी बघ. हिरडीच्या खाली डोळ्यांना काहीच दिसत नाही. एक्सप्लोरर म्हणून तारेसारखं बारीक इन्स्ट्रुमेंट असतं, ते मुळावरून अलगद फिरवायचं आणि जिथे खरखर लागली तिथे टार्टर, म्हणजे दातावर जमलेला कडक थर, हे बोटांनीच ओळखायचं. इन्स्ट्रुमेंट पेनासारखं धरायचं आणि अनामिका शेजारच्या दातावर टेकलेली ठेवायची, ती सुटली की हात घसरतो. पहिल्या सेमिस्टरला प्लास्टिकच्या दातांवर हेच, आठवड्याला निदान ६ तास. मला हे काम अजूनही इतकं आवडतं की एखाद्या दाताचं मूळ गुळगुळीत लागलं की बरं वाटतं. तुला असं बारीक, एका जागी बसून करायचं काम आवडतं का, ते तिथेच कळेल.

प्रश्न : मी बीडीएस आहे. मला तरी हा कोर्स करावा लागणार नाही ना?

उत्तर : डॉक्टर, बहुतेक राज्यांत करावाच लागतो. फ्लोरिडासारख्या राज्यात परदेशी डेंटिस्टना परीक्षा देऊन हायजीनचं लायसन्स घ्यायची वाट आहे, पण ते लायसन्स त्या राज्यापुरतं, तेव्हा कुठे राहणार आहात ते आधी ठरवा आणि त्या राज्याच्या डेंटल बोर्डाचे नियम वाचा. कॉलेज निवडाल ते कोडाची मान्यता असलेलंच निवडा, कारण कोर्सनंतर ३५० प्रश्नांची नॅशनल बोर्ड नावाची लेखी परीक्षा आणि मग क्लिनिकल परीक्षा असते आणि मान्यता नसलेल्या कोर्सवर लायसन्सची वाट बहुतेक ठिकाणी बंदच होते. तुमचे विषय किती सुटतील ते मात्र इव्हॅल्युएशन हातात आल्यावर प्रोग्राम डायरेक्टरना प्रत्यक्ष भेटून विचारा, सिलॅबस सोबत न्या.