गरम झाल्यावरच स्लिप होणारा क्लच

प्रश्न : जुन्या सहाचाकी ट्रकच्या चासीवर क्रेन बसवलेली माझी टोचनची गाडी आहे. काम बहुतेक कुंभार्ली घाटात. आठ महिन्यांपूर्वी क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट दोन्ही नवीन टाकल्या. आता पुन्हा क्लच स्लिप होतोय. सकाळी गाडी छान ओढते. मागे लोड घेऊन घाट अर्धा चढला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी सरकत नाही. तासभर थांबलं की परत ठीक. मिस्त्री म्हणतात पूर्ण सेट बदला. परत एवढा खर्च करावा का?
– एक वाचक, कराड

उत्तर : इतक्यात गिअरबॉक्स खाली उतरवू देऊ नका. ‘तासभर थांबलं की परत ठीक’ हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, माझं सगळं लक्ष त्यावरच आहे.

प्लेट घासली असेल तर गरम झाल्यावर ती जास्त स्लिप होते, हे खरं. पण घासलेली प्लेट थंड असतानाही चुगली करतेच. सकाळी रिकामी गाडी सपाट रस्त्यावर घ्या, वरच्या गिअरला हळू चालवा आणि ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग बरोबरीने वाढला पाहिजे. आवाज पुढे पळाला आणि गाडी मागे राहिली, तर प्लेटवर संशय घ्या. दोन्ही बरोबर वाढले, तर मला प्लेटपेक्षा पेडलच्या मागे असलेल्या, पेडल दाबलं की क्लचकडे तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरची शंका जास्त येते.

पेडल सोडलं की सिलिंडरमधलं तेल एका बारीक भोकातून वरच्या डब्यात परत जायला हवं. पेडलच्या दांड्याला जरासाही मोकळेपणा ठेवला नसेल, तर आतला पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ते भोक झाकलेलंच राहतं. थंड असताना काही कळत नाही. घाटात क्लचचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, तापतं, तेल फुगतं, पण त्याला परत जायला वाट नसते. मग ते क्लचजवळच्या खालच्या सिलिंडरला ढकलतं, तो फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा दांडा, ढकलतो. तुमचा पाय पेडलवर नसतो, तरी हाफ क्लच दाबल्यासारखी गाडी चालते. स्लिप झाला की आणखी तापतो, तापला की आणखी स्लिप होतो. तासाभरात तेल थंड होऊन आकसतं आणि क्लच पुन्हा धरतो.

हे ओळखायला 11 नंबरचा किंवा जो बसेल तो पाना पुरतो. घाटात स्लिप व्हायला लागला की गाडी बाजूला सुरक्षित जागी घ्या, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. टोचनच्या गाडीलाही लावा. पेडलला कोणी हात-पाय लावायचा नाही. खालच्या सिलिंडरचं हवा काढायचं निपल अर्धा फेरा सैल करा, तोंड बाजूला ठेवून, कारण तेल तापलेलं असतं. तेल नुसतं ओघळलं तर दाब नाही. चिळकांडी उडाली तर तेल आत कोंडलेलं होतं. निपल आवळा, डब्यातलं तेल बघून भरा आणि चढाला लावा. गाडी लगेच ओढायला लागली, तर तुमची प्लेट बहुधा शाबूत आहे. दांड्याचा मोकळेपणा गाडीच्या पुस्तकाप्रमाणे लावून घ्या. तेवढ्याने भागलं नाही, तर मास्टर सिलिंडरचं किट बदला.

वीस वर्षांपूर्वी एका उसाच्या ट्रकची मी याच तक्रारीसाठी दोनदा गिअरबॉक्स उतरवली. दुसऱ्या वेळी काढलेली प्लेट हातात धरली तर फेसिंग, म्हणजे प्लेटवरचं घासणारं अस्तर, जवळजवळ नव्यासारखं जाड, फक्त वरून काचेसारखं चकचकीत आणि जळका वास. ऐन गळीत हंगामात त्या माणसाचे चार दिवस माझ्यामुळे गेले. तेव्हापासून निपल सैल करून बघितल्याशिवाय मी गिअरबॉक्सच्या बोल्टला हात लावत नाही.

चिळकांडी उडालीच नाही, तर हाउसिंगच्या तळाच्या भोकात बोट घालून बघा. कोरडी काळी भुकटी लागली तर ती फेसिंगची. ओलं लागलं तर दोन बोटांत चोळून वास घ्या. पातळ काळं असेल तर क्रँकचं मागचं ऑइल सील गळतंय. घट्ट आणि गंधकासारख्या कुबट वासाचं असेल, तर ते गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढचं सील. सील न बदलता नवीन प्लेट टाकली की तीही तेल पिणार. आठ महिन्यांत तक्रार परत आली, म्हणून हे जरूर बघा.

आणखी एक. 2018 च्या जुलैत दोन ॲक्सलच्या ट्रकचं मान्य एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टन झालं. तुम्ही ओढता त्या गाड्या जड झाल्या, तुमचा क्लच तोच राहिला. साखळी ताणून घेताना फर्स्ट गिअरच घ्या, क्लच पूर्ण सोडा आणि मगच रेस वाढवा. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणारा ड्रायव्हर असेल, तर त्याला शांतपणे समजावा. बाकी सगळं नीट करूनही एवढ्याने नवी प्लेट जाते.

प्रश्न : गाडी न्यूट्रलला उभी असताना खरखर येते, क्लच दाबला की थांबते. रिलीज बेअरिंग बदलायला सांगितलं आहे.
– एक वाचक, महाड

उत्तर : तुमच्या गाडीची लक्षणं उलटी आहेत. रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, खराब असेल तर पेडल दाबल्यावर आवाज येतो. दाबल्यावर थांबतो, म्हणजे गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट फिरायचा थांबला की आवाज थांबतो. माझ्या मते त्या शाफ्टचं बेअरिंग गेलंय. आधी गिअर ऑइलची पातळी बघा, मग थोडं ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर ओता आणि उन्हात धरा. लोखंडाचे चमचमणारे कण भरपूर दिसले, तर गाडी लांब पाठवू नका.